मुळासकट भारा

आमच्या मामंजींना सगळं गाव 'बरोब्बर' म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. 'बरोब्बरची सून आली', 'बरोब्बरकडून दोर घेऊन ये', असं. कारण त्यांचं जन्मभराचं एकच भांडण होतं, ते काट्याशी. वाख विकायला नेला की व्यापारी तराजूच्या दांडीला हळूच करंगळी लावायचा, आणि मामंजी ती करंगळी भर बाजारात पकडून वर उचलून धरायचे. "मापात पाप करू नकोस!" असं ओरडायचे. स्वतः त्यांनी कधी कोणाला वीतभर दोर कमी दिला नाही. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला याचं मोठं कौतुक वाटायचं. आता कौतुक वाटतं का, ते विचारू नका.

आमचं काम असं. ओढ्याच्या काठाला भांगेची झाडं आपोआप उगवतात, पुरुषभर उंच. कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही. तिच्या पानाफुलांत काय असतं ते जगाला माहीत, आम्हाला तिच्या सालीशी मतलब. सालीचा वाख, वाखाचा दोर. झाड कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, म्हणजे साल अखंड निघते आणि दोराला जोड कमी पडतात. मग उन्हात पसरायचं. शेंड्याचे तुरे वाळले की तिथेच झोडून टाकायचे आणि नुसत्या काठ्यांचे भारे बांधून डबक्यात दगडांखाली दाबायचे. कुजल्यावर असा वास सुटतो की माझी सख्खी आई माझ्याकडे मुक्कामाला येत नसे. मग सोला, बडवा, विंचरा आणि पीळ द्या. पीळ द्यायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी आणि एक दुसऱ्या टोकाला. आमचे हे चाकाशी असायचे, मी टोकाला. लग्नानंतर नवराबायको म्हणून जे काही बोललो ते निम्मं दोराच्या दोन टोकांवरून ओरडूनच.

त्या वर्षी पाण्याने दगा दिला. डबकं दिवसेंदिवस आटत चाललं. तुरे वाळायची वाट बघावी तर भिजवायला पाणी उरणार नाही, आणि भिजवलं नाही तर वर्षाचा दोर नाही. मामंजी दोन संध्याकाळी काठावर बसून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिरवंच उपटा. तुऱ्यासकट टाका. कुजल्यावर काढू काय काढायचं ते."

चूक म्हणाल तर इथून सुरू झाली. पण आम्हाला कुठे ठाऊक, गावाबाहेर काय शिजतंय ते! म्हणजे ठाऊक होतं, नाही असं नाही. मास्तरांचा मुलगा शहरात शिकायला होता, तो पावडर टोचून घेऊन न्हाणीघरात मरून पडला. आख्खं गाव रडलं. आमच्या ह्यांना शाळेत मास्तरांनीच शिकवलेलं, हे तर तिरडीला पुढे होते. त्यानंतर आरडाओरड झाली, मोर्चे निघाले, कायदा कडक झाला, आणि चौकीवर नवीन साहेब आले. पावडर कुठून येते ते त्यांना सापडेना. पण भांग कुठे उगवते ते आंधळ्यालाही सापडलं असतं.

सकाळी हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून भाऱ्यांवर दगड रचत होते, मी काठावरून दगड देत होते, तेवढ्यात जीप आली. साहेब खाली उतरले आणि आधी नाकाला रुमाल लावला. बरोबर आमचे जुने हवालदार होते. हवालदार म्हणजे घरचाच माणूस. त्यांच्या म्हशीला दोर आमचाच, आणि ते कधी फुकट मागायचे नाहीत.

"बाहेर काढ सगळं," साहेब ह्यांना म्हणाले.

ह्यांनी काढलं. चिखल गळत असलेले भारे स्वतःच्या खांद्यावर घालून अंगणात आणून टाकले. पाण्यातून आल्यामुळे ह्यांचे पाय थरथरत होते, आणि साहेबांना वाटलं भीतीनेच थरथरतायत. मला फार राग आला त्या साहेबाच्या हसण्याचा.

"माल कोणाचा?"

मामंजी पुढे व्हायला लागले. तेवढ्यात हवालदारांनी ह्यांना भारा उचलायच्या निमित्ताने कडेला घेतलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं. "थोडकंच भरवतो. 'माझं' म्हण. म्हाताऱ्याला ओढू नकोस. आठवड्यात जामीन होतो."

"माझा माल," हे म्हणाले.

हवालदारांनी सगळे भारे आमच्याच दोराने एकत्र बांधले. लटकता काटा आणला होता, तो अंगणातल्या झाडाच्या खालच्या फांदीला अडकवला. वरची फांदी चांगली मोकळी होती, पण त्यांनी खालचीच धरली. भारा लांबलचक, त्याची मुळांची बाजू जमिनीवर टेकली. निम्मं ओझं जमिनीनेच घेतलं. हवालदार साहेबांकडे पाठ करून काट्यापुढे उभे राहिले आणि आकडा सांगितला. साहेब मोबाइलमध्ये बघत होते, त्यांनी मान हलवली.

झालं असतं. तिथंच संपलं असतं सगळं.

"अहो, काय हे!" मामंजी ओरडले. "भारा खाली टेकलाय! याला वजन म्हणतात?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा," हवालदार दातांवर दात ठेवून म्हणाले.

"गप्प कसा बसू? आज नेताय तर उद्या परत देणार ना? जेवढं नेलं तेवढंच परत येणार. ह्यात माझा निम्मा वाख गेला! साहेब, जरा बघा इकडे. हे चालतं का तुमच्यात?"

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला.

"तात्या, जाऊ द्या ना," हे म्हणाले. ह्यांना कळलं होतं. मलाही थोडं थोडं कळलं होतं. पण मामंजींना काट्यापुढे दुसरं काही दिसतच नसे. ते पुढे गेले, खाली वाकले, मुळांची बाजू दोन्ही हातांनी उचलली, काटा वरच्या फांदीला अडकवायला लावला आणि भारा मोकळा सोडला. अंगावर सगळा चिखल गळला. काटा झरझर फिरला.

"हां," मामंजी म्हणाले. "आता लिहा. आणि ओला आहे, मुळासकट आहे, हेही लिहा."

"लिहितो, लिहितो," साहेब म्हणाले. ते लिहिताना हसत होते. हवालदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर फिरवली. ओला आहे हे काही साहेबांनी लिहिलं नाही. वजन तेवढं लिहिलं, आणि खाली मामंजींचा अंगठा घेतला. मामंजींनी अंगठा उमटवताना आकडा दोनदा विचारून घेतला.

पुढचं वकीलबाईंनी सांगितलं. शहरात फुकट केस लढणाऱ्या बाई होत्या, तरुण, सारख्या शिंकायच्या. त्या म्हणाल्या, कायद्यात एक हद्द आहे. हद्दीच्या आत भरलं तर थोडी शिक्षा, जामीन मिळतो. हद्दीबाहेर भरलं तर तो माणूस व्यापारी, त्याला दहा वर्षं, जामीन नाही. मग वजनात तुरे किती, काठ्या किती, चिखल किती, ते कोणी बघत नाही. सगळं एकच.

"चिखलसुद्धा?" मी विचारलं.

"चिखलसुद्धा."

"मग चिखलाला पण घाला म्हणावं आत," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच. कोर्टात ह्यांना दहा वर्षांची शिक्षा लागली. ऐकताना मी पहिला विचार केला तो असा, की मला मूलबाळ नाही, आणि हे सुटतील तेव्हा मी कसली आई होणार! हा विचार कोणाला सांगायचा? शेजारी सासरा बसलेला.

जेलात भेटायला जायचं तर आधी केसातल्या पिना काढून द्यायच्या, चप्पल उलटी करून दाखवायची, डबा उघडून शिपायाला आत बोट घालू द्यायचं. घाणेरडं बोट, आणि ते त्याच बोटाने पुढच्या बाईचा डबा ढवळायचे. मग जाळी. जाळीच्या अलीकडे आम्ही सगळ्याजणी, पलीकडे ते सगळे, आणि मधे एवढा कल्लोळ की ओरडल्याशिवाय काही पोचत नाही. मला तेवढं सोपं गेलं. आम्हाला ओरडून बोलायची सवयच होती.

"जेवता का नीट?" मी ओरडले.

"जेवतो. तात्या?"

"बरे आहेत. बाहेर थांबलेत."

मामंजी दर वेळी माझ्याबरोबर यायचे, पण आत यायचे नाहीत. ह्यांनीही कधी 'आत बोलव' म्हटलं नाही. ह्यांनी जाळीला हात लावला तेव्हा मी बघितलं, ह्यांच्या तळहातावरचे घट्टे गेले होते. कातडी पांढरी, मऊ. लग्नात हात हातात दिला तेव्हा खरखरीत लागला म्हणून मी घाबरले होते. आता तोच हात परक्याचा वाटला. तेवढ्यावरून मला रडू फुटलं आणि भेटीची वेळ तशीच गेली.

घरात भांगेचं एक पान ठेवायची सोय नव्हती. मग आम्ही रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोण्या उसवून त्याची दोरी वळायला लागलो. गोणीचा धागा बोटं कापतो. वाख हाताला तेल देतो, हा रक्त काढतो. चाकाशी आता मामंजी, टोकाला मी. दिवसभर समोरासमोर, मधे ती निळी दोरी. आम्ही कामापुरतं बोलायचो. 'ओढ', 'सोड', 'थांब'.

एक दिवस दुपारी मामंजींनी चाक थांबवलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी तो भारा उचलला नसता, तर?"

त्यांना वकीलबाईंनी सांगितलेलं सगळं कळलं होतं. तरी विचारत होते. मी खोटं सांगू शकले असते. पण बोटं कापलेली, डोक्यावर ऊन, आणि मला कोणाच्या मनाचा विचार करायचा नव्हता.

"तर हे आज इथे असते, आणि तुम्ही सावलीत," मी म्हटलं.

मामंजींनी मान हलवली आणि पुन्हा चाक फिरवलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. ताट समोर ठेवलं की अर्धं बाजूला सारायचे. मी म्हणायचे, "पोटावर राग काढू नका, पोटाने काय केलंय?" पण ते ऐकतील तर शपथ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसला माणूस.

आणि मग बातमी आली की सरकारने एक समिती नेमली आहे. कायदा जास्त कडक झालाय का, जेलात चुकीची माणसं पडली आहेत का, हे ती लोकांना विचारत फिरणार. आमच्याही गावात येणार, शाळेत बसणार. वकीलबाई स्वतः घरी आल्या. गोण्यांच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनी आम्हाला नीट समजावलं.

"आपलं अपील एकाच गोष्टीवर उभं आहे," त्या म्हणाल्या. "वजन दोनदा झालं. दोन आकडे आले. साहेबांनी एकच लिहिला. हवालदार कबूल करायला तयार आहेत की दोनदा झालं, आणि घाईगडबडीत झालं. आकडाच खात्रीचा नाही म्हटल्यावर संशयाचा फायदा तुमच्या माणसाला. कळलं?"

"हवालदारांना त्रास नाही ना होणार?" मी विचारलं.

"घाईत झालं म्हणाले तर ओरडा खातील. मुद्दाम केलं असं कोणी म्हटलं, तर नोकरी जाईल." मग त्या मामंजींकडे वळल्या. "आजोबा, समितीपुढे तुम्ही एवढंच सांगा. आम्ही दोर वळतो. पावडर कधी बघितली नाही. वजनाबद्दल एक अक्षर नाही."

"अक्षर नाही," मामंजी म्हणाले.

"नक्की?"

"सांगितलं ना."

शाळेतली बाकं भिंतीला लावली होती. वर तीन माणसं बसली होती, मधे पांढऱ्या केसांच्या निवृत्त न्यायाधीशबाई, दोन्ही बाजूंना दोन पुरुष, त्यातला एक सगळं लिहून घेत होता. एवढं गाव मी मयतालाही जमलेलं बघितलं नव्हतं. पहिल्यांदा न्हावी उठला. त्याला माणसं जमलेली दिसली की राहवत नाही.

"मी एकच विचारतो," तो म्हणाला. "कायदा कडक झाला, तर पावडर बंद झाली का? माझ्याकडे दाढीला पोरं येतात, त्यांचे डोळे मला दिसतात. बंद नाही झाली, महाग झाली. आधी पोरं बापाच्या खिशातलं चोरायची, आता दुसऱ्याच्या बापाच्या!"

लोक हसले. मग वकीलबाई उठल्या, शिंकल्या, आणि बोलल्या. म्हणाल्या, ह्या भागातून आत कोण गेलं ते बघा. एक दोरवाला. एक मेंढपाळ, ज्याच्याकडे मेंढरांच्या औषधाला ठेवलेली पानं सापडली. एक झाडूवाली म्हातारी, जिने दुसऱ्याची पिशवी सांभाळली. पावडर विकणारा एकही नाही. जो टोचून घेतो त्याला दवाखाना हवा, आणि जो विकतो त्याला शोधायला पोलीस हवेत. ते पोलीस आज ओढ्याकाठी भाऱ्यांची वजनं करत बसलेत.

बाई फार छान बोलल्या. मला वाटलं, आता ह्यांना सोडतीलच.

मग मास्तर उठले. मुलगा गेल्यापासून ते वाळून गेले होते, शर्ट अंगावर लोंबत होता.

"मला ह्या बाईंचं सगळं पटतं," मास्तर म्हणाले. "शिक्षक आहे, हिशेब कळतो मला. दवाखाना हवा, हेही कळतं. पण माझ्या मुलाला न्हाणीघरातून मी उचललं. दार मी फोडलं. आणि मी घरी आलो तर बाहेर सगळं तसंच चाललेलं, एक माणूस पकडला गेला नव्हता. मला कोणीतरी आत हवंय. चुकीचं असेल माझं. पण कोणीतरी आत हवंय."

त्यांची बायको खाली मान घालून बसली होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. 'कोणीतरी' म्हणजे माझा नवरा, हे समजत असूनही आला नाही. माझं एखादं लेकरू असं गेलं असतं तर मी चार माणसं आत मागितली असती.

"आणि आता हे नवीन," मास्तर पुढे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "आता ऐकतोय की वजन खोटं होतं. हे दोरवाल्यांचं घर मी आयुष्यभर खरेपणाचं घर समजलो. मुलांना वर्गात उदाहरण दिलं यांचं. आणि सुटायची वेळ आली की वजन खोटं! मग कशावरून दोर खरा? कशावरून पावडर नव्हती?"

माझ्या शेजारी मामंजी उठायला लागले. मी त्यांची बाही धरली. "मामंजी, बसा. मामंजी, तुम्हाला माझी शपथ." त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. जोर नव्हता त्यांच्यात, तरी सोडवली.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्या अंगणात खोटं वजन होत नाही."

"आजोबा!" वकीलबाई ओरडल्या.

"पहिलं वजन खोटं होतं. भारा जमिनीला टेकला होता. हवालदाराने टेकवला होता, आमच्यावर दया म्हणून. ते मला तेव्हा समजलं नाही. मी तो उचलला. दुसरं वजन खरं. त्यात पोराचा काही दोष नाही, तो जाऊ द्या म्हणत होता. हिरवं उपटा म्हणून मीच सांगितलं, भारा मीच उचलला, अंगठा माझा. तर बाई, त्याला सोडा आणि मला धरा. माझी हाडं किती दिवस पुरणार, तेवढे दिवस मी बसतो. एवढाच व्यवहार करा."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"आजोबा, माणसाच्या बदल्यात माणूस घेता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, मला आठवतो. "दुसरं वजन बरोबर होतं, असं तुम्ही स्वतः सांगता?"

"हो."

"तुम्हाला वजनातलं कळतं?"

"दुसरं काही कळत नाही," मामंजी म्हणाले.

शेजारच्या माणसाने ते लिहून घेतलं. वकीलबाई खाली बसल्या आणि पेनाला टोपण लावलं. मास्तर उभेच होते.

हवालदारांना घरी बसवलं ते त्याच आठवड्यात. त्यांची बायको मला नळावर भेटली. माझी घागर बाजूला सारून स्वतःची लावली आणि म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या खरेपणाने दोन घरं बसली. अजून एखादं राहिलं असेल तर बघा म्हणावं." तिचं पाणी भरून होईपर्यंत मी उभी राहिले. त्यांचा दोर आम्ही तेव्हापासून नेऊन दिला नाही, आणि त्यांनी मागितला नाही.

समितीचा निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. वकीलबाई आल्या तेव्हा आम्ही दोघं दोरी वळत होतो. त्या आत आल्या आणि बसल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं.

"कायदा बदलला," त्या म्हणाल्या. "समितीने सांगितलं तसं झालं. आता नुसते तुरे मोजायचे. देठ, मूळ, पाणी, चिखल काही धरायचं नाही. दोरासाठी भांग उपटली तर गुन्हा नाही."

"मग?" मी म्हटलं. "मग आमचे सुटले ना!"

"जुन्या शिक्षा आपोआप जात नाहीत, ताई. आधीच जी माणसं आत आहेत, त्यांच्यापैकी ज्यांच्या वजनाबद्दल शंका आहे, त्यांच्या केसेस उघडणार. मेंढपाळ सुटेल. झाडूवाली म्हातारी सुटेल. त्यांच्या मालाचं वजन कसं झालं ते कोणालाच सांगता येत नाही."

"आणि आमचं?"

बाई मामंजींकडे न बघता बोलल्या. "ह्या भागात एकच वजन शंकेपलीकडचं आहे. समितीच्या कागदात तसंच लिहिलंय. मी पुन्हा अर्ज करीन. पण आशा लावू नका."

मामंजींचा हात चाकावर होता. दोरीला अजून ताण होता, टोक माझ्या हातात होतं. मी ते सोडलं. दोरी सुटून गरगर वळली आणि दिवसभराच्या कामाचा गुंता झाला. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. 'तुमचा खरेपणा चुलीत घाला' म्हणाले, एवढं आठवतं. वकीलबाई मला धरत होत्या. मामंजींनी गुंता मांडीवर घेतला आणि सोडवत बसले. संध्याकाळपर्यंत तेच करत होते. अंधार पडल्यावर म्हणाले, "पोराला मी सांगतो. तू नको सांगूस."

पुढच्या भेटीला ते पहिल्यांदा आत आले. शिपायाने त्यांची टोपी काढून झटकली, खिसे उलटे केले, पायातलं काढायला लावलं. त्यांनी सगळं मुकाट केलं. जाळीपाशी त्या दिवशी गर्दी बेताची होती, ओरडायचं कारण नव्हतं. ह्यांनी बापाला बघितलं आणि क्षणभर ह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सगळं ठीक होईल. ह्यांना वाटलं असणार, चांगली बातमी आहे म्हणून म्हातारा आत आला.

मामंजींनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. कायदा बदलला, मेंढपाळ सुटतोय, म्हातारी सुटतेय, तू नाही, आणि का नाही. शाळेत आपण काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही हातांनी जाळी धरली होती.

"मी तुझ्या जागी यायला तयार होतो रे," मामंजी म्हणाले. "त्यांनी घेतलं नाही."

"माहीत आहे, तात्या."

"मी खरं बोललो."

"हो," हे म्हणाले. "तुम्ही खरं बोलता आणि मी ते भोगतो. मला राग नाही. पण आता तुम्ही इथे येऊ नका. तुम्हाला बघितलं की मला तो भारा दिसतो. मग रात्र जात नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू येत जा."

मामंजी म्हणाले, "बरं." आणि बाजूला झाले, मला बोलता यावं म्हणून. 'जेवता का नीट' एवढंच पुन्हा विचारलं. ह्यांनी 'जेवतो' म्हणून सांगितलं, आणि शिट्टी वाजली.

बाहेरच्या फाटकावर त्या दिवशी नवीन शिपाई होता. पोरसवदा, बोलका. त्याने माझ्या पिना परत दिल्या, मामंजींची टोपी दिली. मामंजींना टोपी नीट घालता येईना. त्या पोराला दया आली असावी. त्याने स्वतः ती त्यांच्या डोक्यावर बसवली.

"आत कोण आहे, बाबा?" त्याने विचारलं. "मुलगा का?"

मी मामंजींकडे बघितलं. ते फाटकाच्या गजांकडे बघत होते. खोटं त्यांच्या तोंडून निघणार नव्हतंच. जरा वेळ लागला, पण त्यांनी उत्तर शोधलं.

"ह्या पोरीचा नवरा आहे," मामंजी म्हणाले.

"असं होय," शिपाई म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.